पेसमेकर काढला त्या दिवशी

संपलेली वस्तू घरात ठेवायची नाही, हा माझा खाक्या. आमचे हे नेमके उलटे. फवारणीचा पंप फुटून जमाना झाला, तरी तो कोठ्यात संत्र्याच्या पेट्यांमागे सुखाने नांदतो आहे. त्यामुळे माझ्या हृदयातल्या पेसमेकरची बॅटरी संपत आली, तेव्हा भांडण होणारच होतं.

हा पेसमेकर बिनतारेचा. मोठ्या कॅप्सूलएवढा, आठ वर्षांपूर्वी मांडीच्या शिरेतून थेट हृदयात नेऊन बसवलेला. छातीवर ना टाका ना उंचवटा. आमच्या सौंसरच्या निम्म्या बायकांना मी थापा मारते असंच वाटायचं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, जुना तिथेच ठेवून शेजारी नवा बसवता येईल. काढायचाही प्रयत्न करू, पण त्यावर मांस चढलं असेल तर ओढताना हृदयाला इजा होऊ शकते.

"राहू दे ना त्याले तिथंच," परतीच्या बसमध्ये हे म्हणाले. "काय खाले मांगून राहिला का तो?"

"उद्या तिसरा लागला तं? माह्यं काळीज आहे थे, तुमचा कोठा नाही!"



शेवटी मी जिंकले. पण टेबलावर झोपल्यावर माझी टरकली, खोटं कशाला बोलू. गुंगीतही सगळं ऐकू येत होतं. शिरेतून नळी गेली. तिच्यातल्या फासाने पेसमेकरचं टोक धरायचं होतं. फास एकदा निसटला, पुन्हा निसटला. इतका वेळ इंग्रजी-हिंदी बोलणारे डॉक्टर एकदम ओरडले, "धरला! येऊन राहिला, येऊन राहिला!"

आपल्याकडचाच माणूस निघाला! मला हसू फुटलं आणि नर्सने दटावलं, "हलू नका!"

लगेच नवाही बसला. मला बाहेर आणलं, तर तीच नर्स यांच्यावर तापलेली. जुना पेसमेकर बाटलीत घालून कंपनीकडे पाठवायचा होता. तो बघायला दिला, तर यांनी खिशातल्या पुडीतलं देवाचं कुंकू बाटलीच्या झाकणाला लावलं होतं.

"हे काय जी?" मी विचारलं.

यांचे डोळे भरले होते. "आठ वर्षं झाली, तू झोपली का मी तुह्या नाकाशी बोट धरून पाहतो. श्वास चालूच असते. याचे उपकार नको मानू?"

आठ वर्षांत मला याचा पत्ताच नव्हता. इतका आनंद झाला की रडूच आलं. पडल्यापडल्या मीही बाटलीला हात जोडले. झाकण पुसायला आणलेला कापूस हातात धरून नर्स जरा वेळ थांबली.