तहानलेलं धान आणि साहेबांचं पाणी

आमच्या किरनापूर रोडवरच्या धान केंद्रावर किस्से गवतासारखे उगवतात. कितीही निंदा, बांध पुन्हा भरतो. मी तिथला पंपवाला, सातवी नापास. सगळ्यांची टर उडवतो. पण यंदाचे किस्से सांगताना दात-ओठ खातो, ते सांभाळून घ्या.

*

रामपायलीच्या सुनंदा मॅडम आमच्याकडे संशोधन करतात. धानाला पिढ्यान् पिढ्या तहानलेलं ठेवायचं, अन् त्याची लेकरं ती तहान ध्यानात ठेवतात का ते पाहायचं.

मला म्हणाल्या, "काका, डीएनए तोच राह्यते. त्याच्यावर मिथाइलचे बारीक ठिपके बसतात. ठिपका बसला का बरेचदा तो जीन चूप. कधी कधी लेकरातही तो चूपच राह्यते."

"मंग आपल्या साहेबाले एखादा ठिपका लावा ना."

मॅडम हसल्या. आमच्या केंद्राचे प्रमुख, म्हणजे साहेब, माझ्या मागेच उभे होते.

*

तपासायला खुडलेली धानाची पानं ठेवायला मॅडमचा एक फ्रीजर आहे. बर्फालाही हुडहुडी भरेल, असा गार. साहेबांनी एकदा पानांचे डबे बाहेर काढले आणि आपल्या वाढदिवसाचा केक आत ठेवला. पानं नासली.

संध्याकाळी टाळ्या वाजल्या. साहेबांनी सुरी चालवली. सुरी वाकली.

"साहेब, कुऱ्हाड आणू का?" मी विचारलं.

*

मग भोपाळहून पाहुणे येणार म्हणून कळलं. साहेब मॅडमच्या वाळत्या वाफ्यापाशी आले. "ये सूखा क्यों है? पंप चालू करो."

"सर, ये तीसरी पीढ़ी है. अभी पानी दिया तो सब बेकार जाएगा."

मी गुपचूप फ्यूज काढून खिशात घातला. "साहेब, पंप जळला."

साहेबांनी टँकर मागवला. असा माणूस!

पाहुणे येईस्तोवर वाफा हिरवागार. साहेब हात पसरून म्हणाले, "देखिए, बिना पानी का धान." पाहुण्यांचे बूट चिखलात रुतले होते. त्यांनीही माना डोलावल्या. मॅडम मागे उभ्या होत्या. इथं जी शिवी यायला पाहिजे, ती छापत नाहीत.

*

मॅडमनी मागच्या पिढीचं बी जपून ठेवलं होतं. तिसरी पिढी पुन्हा घ्यायला एकच हंगाम मागितला. साहेब म्हणाले, "फोटो छप गया. प्रोजेक्ट खत्म."

मॅडम बांधावर बसल्या. "काका, बाबाले काय सांगू? ते साऱ्या गावाले सांगून राह्यले का पोरगी कमी पाण्याचं धान आणून राह्यली."

मी उठून पंपघराकडे निघालो. साहेबांच्या बंगल्याचा पंपही माझ्याच हातात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बंगल्याच्या दारात. डोक्यावर साबणाचा फेस, कमरेला टॉवेल. "पानी क्यों बंद है?"

"मॅडमचाच प्रयोग हाये, साहेब. धान तं बुडालं, म्हणून वाण बदललं."

फेस डोळ्यांत उतरला होता. एक डोळा मिटून साहेबांनी विचारलं, "कब तक?"

"एक हंगाम तं लागनच."