बॉनेटखालचं स्टिकर

माझे धाकटे दीर मोटारमिस्त्री आहेत. गॅरेजात त्यांना सगळे ‘कानवाले’ म्हणतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहतात, आणि मग कुठल्या सिलिंडरला काय दुखतंय ते सांगतात. आमचे हे नेहमी चिडवायचे, “बायकोचं ऐकायला नको म्हणून लग्न केलं नाही, आणि आता दिवसभर इंजिनांचं ऐकत बसतोय!” भावजी खो खो हसायचे. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट.

मी रोज दुपारी भांडी आवरली की वहीत अर्धं पान लिहिते. त्या वह्यांत देवाचं नाव, भाजी, कोण आलं, कोण गेलं, आणि मधेमधे भावजींची इंजिनं. चहा पिताना ते एखाद्या घरच्या माणसाविषयी सांगावं तसं सांगायचे. “वहिनी, एक हजार सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. एवढंसं इंजिन, पण जीव मोठा. आधी एक नंबर पेटतो, मग तीन, मग चार, मग दोन.” मग त्याच्या खोडी. पंचाहत्तर हजारांच्या पुढे ऑइल प्यायला लागतं, मागून निळा धूर सोडतं. पाणी कमी पडलं की हेड, म्हणजे इंजिनाचं डोकं, तापतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं. ठिणगी देणारी कॉइल दगा देते आणि गाडी लंगडायला लागते. “हे सगळं माणसासारखंच आहे,” ते म्हणायचे. “आधी कुरकुरतं, मग बसतं. पण टायमिंगचा पट्टा कुरकुरत नाही. तो एकदम तुटतो.”

पट्टा रबरी असतो, त्याला आतून दात असतात. खालचे पिस्टन आणि वरचे व्हॉल्व्ह एका तालात ठेवणं एवढंच त्याचं काम. साठ हजार किलोमीटरला तो बदलायचा. काही इंजिनांत तुटला तर नुसती गाडी थांबते. यात मात्र उघडे राहिलेले व्हॉल्व्ह आणि वर येणारे पिस्टन एकमेकांवर आदळतात. “हे इंजिन क्षमा करणाऱ्यांतलं नाही,” भावजी म्हणाले होते. ते वाक्य मी तेव्हा हौसेने वहीत उतरवून ठेवलं.

पट्टा बदलला की मिस्त्री बॉनेटच्या आत एक स्टिकर लावतो. किती किलोमीटरला बदलला, पुढचा कधी. भावजींचं अक्षर मोत्यासारखं. तेलकट हातांनी कागद खराब होतो, शाई धरत नाही, म्हणून ते काम सुरू करण्याआधीच, हात स्वच्छ असताना, स्टिकर लिहून चिकटवून टाकायचे. वीस वर्षांची सवय. गॅरेजचे मालक नव्या मिस्त्रींना ते स्टिकर दाखवून म्हणायचे, “काम असं नीटनेटकं पाहिजे.”

त्या दिवसाचं पान माझ्यासमोर उघडं आहे. लिहिलंय, “सासूबाईंना न्हाणीघरात चक्कर. भावजींना फोन केला. लगेच आले. देवाच्या कृपेने काही झालं नाही. तुझे उपकार.”

फोनवर मी ओरडले होते, “आई पडल्यात, बोलत नाहीत, या!” मला तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. भावजी हातही न धुता धावत आले. तोपर्यंत सासूबाई खुर्चीत बसून चहा पीत होत्या. त्यांनी लेकाकडे पाहिलं आणि माझ्यावर उखडल्या, “याला कशाला बोलावलंस? माझे काय प्लग बदलायचेत?” आम्ही तिघंही पोट धरून हसलो. तरी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती.

तिसऱ्या दिवशी भावजी कामावर गेले, तर फळीवर नव्या पट्ट्याचा खोका, सील न उघडलेला.

ती करड्या रंगाची छोटी गाडी. त्या दिवशी त्यांनी स्टिकर लावलं होतं, ऑइल बदललं होतं, प्लग बदलले होते. स्टिकरवर लिहिलेलं, अठ्ठावन्न हजार दोनशेला पट्टा बदलला, पुढचा एक लाख अठरा हजार दोनशेला. पट्ट्याच्या कव्हरला हात लावणार तोच माझा फोन. संध्याकाळी गिऱ्हाईक आलं आणि मालकांनी गाडी देऊन टाकली. “स्टिकर होतं, कव्हर बंद होतं, गाडी चालू होत होती. मी कशाला शंका घेऊ, बाबा?” मालक म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक मध्यमवयीन बाई आणि तिचे म्हातारे वडील. घर सोडून दूरच्या गावी निघाले होते. सामान ट्रकने पुढे गेलेलं. वडील मागच्या सीटवर, मांडीवर जास्वंदीची कुंडी धरून बसले होते. फोन लावला तर तो सोडलेल्या घराचा, बंद झालेला. पाठवलेलं पत्र परत आलं. भावजी गाड्यांच्या नोंदणी कार्यालयात तीनदा जाऊन आले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, “दुसऱ्याच्या गाडीचा पत्ता असा कुणालाही देता येत नाही, काका.”

ती गाडी गेली. जुना पट्टा आणि भावजींच्या मोत्यासारख्या अक्षरातली थाप, दोन्ही बरोबर घेऊन गेली. तिचा मालक कुणीही असो, तो त्या स्टिकरवर विश्वास ठेवून आणखी साठ हजार किलोमीटर निर्धास्त बसणार होता.

तेव्हापासून आमच्या घरात ती गाडी राहायला आली. जेवताना रस्त्यावरून छोटी गाडी गेली की भावजींचा घास थांबायचा. “ही नाही,” ते म्हणायचे आणि मग चावायचे. बाजारात करडी गाडी दिसली की मालकाला विनवून बॉनेट उघडायला लावायचे. लोक म्हणायला लागले, कानवाल्याचं डोकं फिरलंय. हे एकदा वैतागून म्हणाले, “अरे, ती केव्हाच भंगारात गेली असेल!” भावजी शांतपणे म्हणाले, “कशामुळे गेली असेल, दादा?” सासूबाई जाईपर्यंत त्यांना आम्ही हे कळू दिलं नाही.

भावजींनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणूनच तो मला कायमचा लागला. रोज दिवा लावताना मी घरच्यांच्या पाठोपाठ एक मागणं जोडलं, “त्या करड्या गाडीला सांभाळ. कुंडीवाल्या आजोबांना सांभाळ.” सहा वर्षांत एक दिवस चुकवला नाही.

गेल्या मंगळवारी भावजी डबा विसरले म्हणून मी गॅरेजात गेले. दारात एक करडी गाडी लंगडत आली. आतून इस्पितळाच्या गणवेशातली नर्स उतरली. “झटके देतेय हो सकाळपासून.” भावजींनी कान लावलाच नाही. “कॉइल गेलीय, तीन नंबरची,” लांबूनच म्हणाले, बॉनेट उघडलं आणि तसेच उभे राहिले.

मी जवळ गेले. कागद पिवळा पडला होता, कोपरा उडाला होता, पण अक्षर वाचता येत होतं. अठ्ठावन्न हजार दोनशे.

“पट्ट्याचं अजून आहे ना?” नर्स म्हणाली. “एक लाख नऊ हजार झालेत. स्टिकरप्रमाणे नऊ हजार बाकी आहेत.”

भावजींनी हात पुसले. “ताई, हे स्टिकर मी लिहिलंय. पट्टा मी बदललाच नव्हता.”

ती एक पाऊल मागे सरली. “अहो, मी माझ्या पोराला रोज यातून शाळेत सोडते.”

“माहीत आहे,” भावजी म्हणाले. त्यांना कसं माहीत असणार? पण सहा वर्षं ते रोज कुणाच्या तरी पोराला त्या गाडीत बसलेलं पाहत होते.

त्यांनी कव्हर उघडलं. मला वाटलं, आता फाटका, धागे लोंबणारा पट्टा दिसेल, तो बदलतील, आणि आमच्या घरातली ती गाडी निघून जाईल. आतला पट्टा धडधाकट होता, आणि दुसऱ्याच कंपनीचा.

“म्हणजे कुणीतरी बदलला!” मी जवळजवळ ओरडलेच. “देव पावला, भावजी!”

त्यांनी हेडच्या कडेला बोट लावून पाहिलं. तिथे लेथवाल्याने पंचाने मारलेली खूण होती. हेड कधीतरी उतरवून दुरुस्तीला लेथवर नेलं होतं.

“गॅस्केटसाठी उतरवलं असेल,” मी म्हणाले. “तुम्हीच सांगता ना, याचं गॅस्केट जातं म्हणून.”

त्यांनी प्लग काढले आणि तारेचा छोटा कॅमेरा भोकातून आत सोडला. पडद्यावर पिस्टनचं काळं डोकं दिसलं. त्यावर दोन चंद्रकोरी कोरलेल्या. व्हॉल्व्ह आदळल्याच्या. दुसऱ्या सिलिंडरातही दोन. चारही पाहिले. सगळीकडे त्याच.

“तुटला होता,” भावजी म्हणाले.

कुठे, केव्हा, आत कोण होतं, त्या चंद्रकोरींना विचारून कळणार नव्हतं. नर्सने गाडी दोन वर्षांपूर्वी दलालाकडून घेतली होती. कागदांवर आधीच्या मालकाचं म्हणून कुणा पुरुषाचं नाव होतं. त्याच्याआधीचं तिला माहीत नव्हतं. कुंडीवाले आजोबा तिने कधी पाहिले नव्हते.

मी हिशेब करत तिथेच स्टुलावर बसले. जुन्या पट्ट्याचं आयुष्य संपत आलं होतं. कदाचित पहिल्याच महिन्यात, कदाचित त्याच वाटेवर. म्हणजे सहा वर्षं जे घडू नये म्हणून मी हात जोडत होते, ते कदाचित आधीच घडून गेलं होतं.

आतला पट्टा किती जुना, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून भावजींनी नवा मागवून बसवला. नर्स सारा वेळ त्यांच्या हातांवर नजर ठेवून उभी होती, आणि त्यांनी तिला प्रत्येक बोल्ट दाखवून आवळला. जुनं स्टिकर नखाने खरवडून काढलं. नवं लिहायला पेन घेतलं, आणि माझ्यापुढे धरलं. “वहिनी, तुम्ही लिहा.”

“मी?”

“तुम्ही झालेलंच लिहिता.”

मी लिहिलं. माझं अक्षर काही मोत्यासारखं नाही.

घरी आल्यावर चहा घेताना भावजी म्हणाले, “पट्टा तुटला की इंजिन बंद पडतं. स्टिअरिंग जड होतं. पण ब्रेकमधे एक-दोनदा दाबण्यापुरता जोर राहतो, वहिनी. पूर्ण. उतारावरसुद्धा.”

“मग त्या बाईंनी दाबला असेल.”

“असेल.”

“कडेला घेतली असेल गाडी. आजोबा कुंडी घेऊन खाली उतरले असतील.”

“असतील,” भावजी म्हणाले. खालच्या रस्त्यावरून एक छोटी गाडी गेली. त्यांचा कप ओठापाशी थांबला, आणि आवाज पुरता विरेपर्यंत तसाच राहिला.