मगरीच्या पानावरचे शुभेच्छुक

पाथरीच्या बसस्टँडसमोर सुगतचं फ्लेक्सचं दुकान आहे. तालुक्यात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची निवड असो, नाहीतर कुणी वर गेलेलं असो, बातमी आधी सुगतला कळते, कारण माणूस फोटो घेऊन आधी त्याच्याकडे येतो. पंधरा वर्षं हा बाबा दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत छापतोय आणि स्वतःचं नाव खालच्या कोपऱ्यात, नेमकं बांबूला बांधायची दोरी जाते तिथं. "माझं नाव वाचायचं तर गडी आधी दोरी सोडतो, मग फ्लेक्स पडतो, मग नाव दिसतं," असं तो स्वतःच सांगतो आणि आधी स्वतःच हसतो.

अशा माणसाला शौक लागला चित्रकथेचा. गिऱ्हाईक नसलं की तो कॉम्प्युटरवर मगर काढत बसायचा. येलदरीच्या धरणातून निघून ही मगर एका गावात येते आणि ग्रामपंचायतीत शिपाई म्हणून चिकटते. डोक्यावर खाकी टोपी, काखेत फाईल. कामाला आलेल्या माणसाला ती 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच सांगायची, आणि तिचे दात बघून कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. नाव ठेवलं 'शिपाई मगर'. आठ पानांचा एक भाग, मोबाईलवर वाचायचा, किंमत दहा रुपये.

पहिला भाग अकरा जणांनी घेतला. त्यात चार नात्यातले, एक बायको, आणि अकरावा पप्पू. पप्पू म्हणजे समोरचा मोबाईल दुरुस्तीवाला. सकाळी त्यानं भाग विकत घेतला आणि दिवस मावळायच्या आत साऱ्या तालुक्याला फुकट वाटून टाकला. वरचं सुगतचं नाव कापलं आणि त्या जागी शिक्का मारला: 'पप्पू मोबाईल, येथे डिस्प्ले बसवून मिळतील.' दुसऱ्या भागात मगर साहेबाची खुर्ची गिळते, त्याचंही तेच, तिसऱ्याचं तेच.

आता तुम्ही म्हणाल, सुगतनं जाऊन त्याची गचांडी धरायला पाहिजे होती. पण रागावायलाही तोंड लागतं. ज्या सॉफ्टवेअरवर मगर काढली ते चोरीचं, 'साहेब जेवायला गेलेत' ज्या अक्षरात लिहिलं तो फॉन्ट चोरीचा, आणि शाळेत असताना भाड्यानं आणलेली कॉमिक्स ट्रेसिंग पेपरवर उतरवून पोरांना विकणारा हाच शहाणा. शेळ्या चोरणाऱ्यानंच आपली शेळी चोरीला गेली म्हणून बोंब मारावी, तसला मामला. सुगत गप्प बसला.

गप्प बसणं महागात पडलं. एक दिवस पप्पूच दुकानात आला, चेहरा पडलेला.

"दादा, एक फ्लेक्स पायजे. झरीकडचं एक तरुण मंडळ माझा सत्कार करायलंय."

"कशाबद्दल?"

पप्पूनं पायाकडं बघितलं. "मगरीबद्दल. त्यांना वाटलं मीच काढतो. मी न्हाई म्हणणार होतो, पण त्यांनी शाल घेऊन ठेवलीय म्हणे."

आणि सुगतनं, देवाशपथ सांगतो, तो फ्लेक्स केला. 'सुप्रसिद्ध चित्रकार मा. पप्पूभाऊ' असं पिवळ्या अक्षरात, मागं सूर्याची किरणं, बाजूला स्वतःच्याच हातची मगर. पप्पूचा फोटो थोडा काळवंडलेला होता तोही उजळून दिला. गिऱ्हाईक म्हटल्यावर काम चोख व्हायला पाहिजे. त्या रात्री मात्र त्याला जेवण गेलं नाही. पैशाचं त्याला एवढं नव्हतं. ही मगर आपली आहे हे लोकांना कळावं, आपल्या नावानं तिला चार माणसांनी वाचावं, एवढंच त्याचं मागणं होतं, आणि नेमकं तेच पप्पूच्या गळ्यात शालीसकट पडलं होतं.

मग त्यानं डोकं चालवलं. किंमतच ठेवायची नाही. इंटरनेटवर आपलं पान उघडायचं, मगर फुकट दाखवायची, मधे जाहिराती येऊ द्यायच्या. फुकटची वस्तू कोण चोरतंय? लोक आपल्या दारात येऊन, आपल्या नावाखाली वाचतील. पान उघडलं, जाहिराती बाहेरच्या कंपनीनं आपोआप टाकल्या. पहिलीच जाहिरात मगरीच्या जबड्याशेजारी आली, टकलावर केस उगवायच्या तेलाची. सुगतची आई सरजाबाई चष्मा लावून बघत होती. "रं, तुझाच फोटो टाकलाय का ह्यांनी?" असं तिनं विचारलं. सुगतनं डोक्यावरून हात फिरवला आणि न्हाई म्हणाला.

पप्पूनं काय करावं? त्यानं त्या पानाचे फोटो काढले, जाहिराती तेवढ्या कापल्या, शिक्का मारला, धाडून दिले. विचारलं तर म्हणाला, "लोकांना जाहिरातीचा तरास नगं, दादा." एवढी माया सख्खा भाऊ करत नाही.

अक्कल शेवटी घरातून आली. सुगतची बायको संघप्रिया अंगणवाडीत शिकवते, त्यामुळं हट्टी माणसांची तिला सवय आहे. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अवो, तेलाची जाहिरात कापली तर कुणाच्या बापाचं काय जातंय? आपल्या लोकांचे फोटो टाका की. चौकात फ्लेक्सवर आपला फोटो बघायला लोक जीप करून येतेत. तेच शुभेच्छुक मगरीच्या चित्रात बसवा. मग कोण कापतंय बघू."

झालं. चौथ्या भागात मगर ग्रामपंचायतीत झाडू मारतेय आणि तिच्या मागच्या भिंतीवर खतदुकानदार बजरंगच्या मेव्हण्याचा वाढदिवस, खाली सात शुभेच्छुक. पप्पूनं सवयीनं भिंत कापली. दुसऱ्या दिवशी तो मेव्हणा पप्पूच्या दुकानात येऊन खुर्चीवर बसला. भांडला नाही, ओरडला नाही. "मला का कापलं?" एवढंच विचारून बसला, तो दुपारच्या जेवणापर्यंत बसला. त्यानंतर पप्पूनं भाग धाडले ते शिक्का मारून, पण पानाची कडसुद्धा कापायची हिंमत केली नाही. सुगतचं नाव सुगतच्या जागी राहिलं. शुभेच्छुक आपापल्या पाहुण्यारावळ्यांना सुगतच्या पानाचा पत्ता धाडायला लागले आणि वाचणाऱ्यांचा आकडा अकरावरून हजारांत गेला.

आता इथं शहाण्या माणसानं थांबावं. सुगत थांबला नाही. सहाव्या भागात त्यानं शुभेच्छुकांच्या रांगेत एक फोटो स्वतःचा घातला, खाली 'चित्रकार व निर्माता'. सातव्यात गॉगल चढवला. आठव्यात फोटो सरपंचाएवढा झाला. बसमध्ये एका बाईनं त्याला ओळखलं आणि म्हणाली, "तुमी ते जाहिरातीतले न्हाई का?" याला त्यातलं 'ओळखलं' एवढंच ऐकू आलं. घरी येऊन त्यानं ती गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा सांगायला लागला तेव्हा संघप्रिया उठून पाणी भरायला गेली, तर याला वाटलं नळ आला असेल.

इकडं जाहिरातीला माणसं हटेनात. पेढीवाले, हार्डवेअरवाले, नुसतेच नेते. कुणाला नाही म्हणावं? दहाव्या भागात मगरीची खुर्ची गेली, तिथं उद्घाटन आलं. अकराव्यात आठ पानांत सेहेचाळीस फोटो बसले आणि मगरीची नुसती शेपटी राहिली, तीही एका सोनाराच्या अंगठीमागं. आणि काय नवल, त्या भागाची चोरी झाली नाही. बाराव्याचीही नाही. कुठल्या ग्रुपवर नाही, कुठं शिक्का नाही.

सुगतनं जिलेबी आणली. "जिरवली बघ त्याची," म्हणाला. संघप्रियानं एकच तुकडा मोडून घेतला. मोठ्या मनाचा माणूस म्हणून जिलेबीची दुसरी पुडी घेऊन सुगत समोर पप्पूकडं गेला.

"सोडली म्हणे चोरी?"

पप्पू कुणाचातरी मोबाईल खोलून बसला होता. त्यानं वर बघितलं, पण जिलेबीला हात लावला नाही.

"चोरण्यासारखं काय हाय त्यात, दादा? फोटोच बघायचे तर हितं स्टँडवर कमी हायेत का? लोक मलाच विचारायलेत, मगर मेली का म्हणून. काय सांगू मी?" मग स्क्रू खाली ठेवत तो हळूच म्हणाला, "मगर सायबाची खुर्ची गिळती तो भाग मी आमच्या बाबाला वाचून दाखवला होता. आई गेल्यापासून बाबा हसले नव्हते. त्या दिशी लय हसले. दुसऱ्या दिशी पुन्हा वाच म्हणले. आता ते रोज इचारतेत, नवीन आली का. मी आली न्हाई म्हणून सांगतो."

पुडी तिथंच ठेवून सुगत परत आला. इतके भाग त्यानं सारी दुनिया वाचतेय म्हणून मिरवलं, आणि खरा वाचणारा एकच होता, तो चोर होता, आणि तोही आता सोडून गेला होता. आपण आपलीच मगर खाल्ली हे त्याला कळलं. लाज वाटली, आणि ही लाज हसून घालवता येईना.

तेरावा भाग तयार होता, त्यात चोपन्न फोटो. त्यानं पहिला पुसला तो गॉगलवाला, स्वतःचा. मग बाकीचे. पूर्ण भागात एकच जाहिरात ठेवली, शेवटच्या पानावर, मगर ती वाचत उभी आहे अशी. बाकीच्यांना पुढच्या भागांसाठी रांगेत नंबर लावून दिले, एका भागाला एक. बजरंग येऊन बराच वेळ बोलून गेला, सुगतनं त्याला चहा पाजला आणि नंबर बदलला नाही. मगरीला त्यानं पुन्हा पान भरून काढलं. या खेपेला साहेबांची बदली होते आणि मगरीला निरोपाचं भाषण करायला सांगतात. भाषण ऐकायला पुढच्या रांगेत कुणी बसत नाही.

गुरुवारी सकाळी भाग टाकला आणि चोराची वाट बघत बसला. दहा वाजले, अकरा वाजले. कामात ध्यान लागेना. एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भावपूर्ण' एवढं टाईप झालं होतं, नशिबानं गिऱ्हाईकाच्या आधी त्यालाच दिसलं. समोर पप्पूचं दुकान गर्दीनं भरलेलं, तिकडं बघायची सोय नव्हती.

चार वाजता फोन वाजला. झरीच्या सूर्यभानमामांनी काहीतरी धाडलं होतं. मामांच्या लेखी भाचा म्हणजे फ्लेक्स छापणारा, त्यापलीकडं त्यांनी कधी चौकशी केली नव्हती. सुगतनं उघडलं. आठ पानं, मगर, शेवटी जाहिरात जशीच्या तशी. वर पप्पू मोबाईलचा शिक्का. सुगतचं नाव कापलेलं. खाली मामांचा आवाज, हसून हसून धाप लागलेला.

"सुगत, बाबा, हे वाच. आमी हितं पाराजवळ धा-पंधरा जण बसून वाचायलोत. पोट दुखायलंय हसून. तू बी कॉम्प्युटरवर चित्रं काढतो म्हणं. काय ते नुसते वाढदिवस काढीत बसतो? असं कायतरी काढ की, लेका."

सुगतनं तो आवाज पुन्हा एकदा लावला. मागं माणसं हसत होती. मग त्यानं उत्तर लिहिलं, 'बघतो मामा, जमतंय का,' आणि चौदाव्या भागाचं पहिलं पान काढायला घेतलं.