आखाजीची बांगडी

धरणगावात बन्सीलाल विसपुत्यांच्या हाताला नाव ठेवणारा माणूस सापडला नसता, आणि जिभेला नाव न ठेवणाराही. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की हा सोनार म्हणायचा, "पितळ घाल मंग. पितळबी चमकस." मी समोरच राहते, शाळेत शिकवायचे. माझ्या नथीसाठी त्यांनी मला वर्षभर झुलवलं. पण नथ अशी केली की भांडायची सोय उरली नाही.

एकुलती एक मुलगी प्रमिला. सोनाराची पोर धातूंचंच शिकायला पुण्याला गेली. भाऊबंद म्हणाले, "लगीन करी टाक तिनं." बन्सीभाऊ म्हणाले, "मना धंदा तीच पुढे लई जाई ऱ्हायनी."

एकोणनव्वदच्या संक्रांतीला ती आली, ती कागदात गुंडाळलेली एक पट्टी घेऊन. करंगळीएवढी रुंद, पातळ, आरशासारखी लखलखीत. तिनं स्वतः केलेली पहिली. बन्सीभाऊंनी वाकवली, सोडली, की टणकन सरळ.

"नाना, हाई धातूनीच शे, पन आतमा काचना मायक," प्रमिला बापाला म्हणाली. धातू आतून काचेसारखा कसा, तेही तिनं दाखवलं.

माझ्यापुढे मेहरूणच्या बोरांची पाटी होती. तिनं सारख्या मापाची बोरं ताटात दाटीनं मांडली. साध्या धातूतले अणू असे रांगेत बसतात, म्हणाली. मग मूठभर तुरीचे दाणे ओतून ताट हलवलं. रांगा मोडल्या. लोखंडात असंच बारीक अणूंचं द्रव्य मिसळायचं, वितळवायचं आणि गरगर फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर ओतायचं. डोळ्याचं पातं लवायच्या आत रस गोठतो. अणूंना रांग धरायला फुरसतच मिळत नाही, होते तिथंच अडकतात. नुसत्या लोखंडाला हे साधत नाही. लहानमोठे मिसळले तरच.

बन्सीभाऊ लेकीच्या तोंडाकडे बघतच राहिले. पण शेवटी सोनारच ते. तापवल्यावरचंच विचारलं, "आनि ताव दिधा तं?"

"ते आखाजीले दखाडसू, नाना. आते गाडी चुकी जाई मनी."

फाल्गुनात तिला कावीळ झाल्याची तार आली. बन्सीभाऊ गेले ते तिला घेऊनच आले, पण जिवंत नाही. अग्नी त्यांनीच दिला. देवाला डोळे असतात म्हणतात, मला त्या दिवसापासून खरं वाटत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. गल्लीत झोके बांधले तशी बन्सीभाऊंची बायको केसरबाई दार लावून बसली. दिवसभर जेवली नाही. संध्याकाळी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तिना हातनी पट्टी शे ना, तिनी मले बांगडी करी द्या."

बन्सीभाऊ शेगडीपुढे बसले. पट्टी वळवावी तर सरळ होई. सोनं ठोकून कडक झालं की तापवायचं, मग ते मऊ होतं. जन्मभर हे कधी खोटं ठरलं नव्हतं. त्यांनी पट्टी लोखंडी दांड्याभोवती वळवून तारेनं बांधली आणि फुंकणीनं लाल होईतो तापवली. निवल्यावर तार सोडली. पट्टी काळीनिळी पडली होती, पण गोलच राहिली. "उजाळा देसू," ते म्हणाले आणि प्रमिला गेल्यापासून पहिल्यांदा हसले.

केसरबाईनं हात पुढे केला. घालण्यासाठी त्यांनी बांगडी जराशी फाकवली. पापड मोडावा तसा आवाज झाला आणि तुकडे तिच्या मांडीवर पडले. ते उचलून बन्सीभाऊ जोडून बघत होते, तर तेही मोडत होते.

पुढल्या आठवड्यात पुण्याहून प्रमिलाबरोबर काम करणारा निंबा तिची पेटी घेऊन आला. तुकडे पाहून म्हणाला, "तापवली का? तापली की अणूंना हलायला सवड मिळते, ते रांगा धरतात. मग ती मऊ होत नाही, ठिसूळ होते." त्या पोराचा मला असा राग आला! खरं बोलायची एवढी काय घाई होती?

बन्सीभाऊंनी विचारलं, "तिनी दुसरी पट्टी शे का तठे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "बाकीच्या तपासणीत तोडल्या, नाना. ही तिनं घरी दाखवायला म्हणून मागून आणली होती."

बन्सीभाऊंनी तांब्यातलं पाणी शेगडीत ओतलं. वाफ उठली. केसरबाई आतून धावत आली, त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही.

"बाई," ते मला म्हणाले, "मी मनी पोरले दोनदा आग दिधी."