टाकवत नाही, ठेववत नाही

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही, ते आपोआप साठतात. आमच्या घरात कागद साठतो ना, अगदी तसेच. एक दिवस कपाट उघडावं तर सगळे अंगावर येतात, आणि मग खाली बसून उचलताना एकेक हातात घेऊन बघत बसावं लागतं. आज रविवार आहे, पाठ धरलीय, सिंकमध्ये भांडी तशीच पडलीत. पडू देत. बसा जरा, सांगते.

आधी आमची मंडळी. मी नंदा. कुपवाडला एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे, राहायला सांगलीत. वैशाली माझी शाळेपासूनची मैत्रीण, मिरजेत शिक्षिका आहे. आणि आमच्या गल्लीतल्या हौसाक्का, मूळच्या जतकडच्या, गोधड्या शिवून देतात. आम्ही तिघी दर रविवारी दुपारी माझ्या डायनिंग टेबलावर कोलाज करतो. म्हणजे प्लायवूडच्या बोर्डावर कागद, कापड, बटणं, एसटीची तिकिटं, जे मिळेल ते चिकटवून चित्र करायचं. वैशालीनं आमच्या ग्रुपला नाव दिलंय ‘भाराभर चिंध्या’. त्याच्या आधीचे शब्द कोणी विचारत नाही, आम्हीही सांगत नाही.

साताऱ्यात दरवर्षी आमच्यासारख्या हौशी लोकांचं एक प्रदर्शन भरतं. तिथं माझं एक, फक्त एक, पूर्ण झालेलं चित्र लागावं एवढीच माझी चार वर्षांची इच्छा. चित्र पूर्ण होतं हो. पूर्ण राहत नाही!

*

मी कागद चिकटवते हे गल्लीत कळलं आणि लोकांची मोठी सोय झाली. लग्नपत्रिकेचं काय करायचं हा प्रत्येक घरातला प्रश्न असतो. वर गणपती असतो, त्यामुळे टाकवत नाही. लग्न होऊन गेलेलं असतं, त्यामुळे ठेववत नाही. आता सगळ्या पत्रिका पिशव्या भरभरून माझ्याकडे येतात.

“तुमच्याकडं आलं की पाप लागत नाही बघा,” असं म्हणून शेजारच्या पाटीलवहिनी मोकळ्या होतात.

आता गणपतीवर कात्री मलातरी कुठं चालवता येते? मी कडेची वेलबुट्टी कापून घेते आणि गणपती एका ट्रंकेत ठेवते. ट्रंक भरली. मग दुसरी आणली, तीही भरत आली. गेल्या चतुर्थीला माझी नवऱ्याशी टेबलावरून कटकट झाली. बोर्ड वाळत होता, त्यामुळे सगळ्यांना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागलं होतं. तो शांतपणे दोन्ही ट्रंकांकडे बघत म्हणाला, “घरात एवढे गणपती असूनही तुझं एक काम निर्विघ्न पार पडत नाही!”

*

पहिला बोर्ड गेला लोणच्यात.

याच पाटीलवहिनींनी त्यांच्या वारलेल्या सासूबाईंची एक जुनी वही दिली होती. “घ्या, आमच्याकडं कोण वाचतंय.” अक्षर मोडकंतोडकं, पण काय देखणं! मी त्यातलं एक पान बोर्डाच्या मधोमध लावलं, त्यावर इरकलीच्या काठाची एक पट्टी तिरकी चिकटवली आणि आठवडाभर स्वतःवर खूश होते.

एप्रिलमध्ये वहिनी धापा टाकत आल्या. “अहो, त्यात लोणच्याचं प्रमाण होतं!”

मी बोर्ड काढला. कैऱ्या किती ते दिसत होतं. तिखट, मोहरी, मेथी, हिंग, सगळं दिसत होतं. मीठ मात्र नेमकं काठाखाली गेलेलं. प्रेशर कुकरच्या वाफेवर बोर्ड धरून तासाभरात तो काठ सोडवला. काठाबरोबर आजूबाजूचं निम्मं चित्रही आलं. मिठाचं प्रमाण वाचून वहिनींचा जीव भांड्यात पडला.

“आता फोटो काढून घ्या याचा,” मी म्हटलं.

“काढते की.”

पुढच्या एप्रिलमध्ये त्या पुन्हा दारात. “जरा तो बोर्ड काढता का? मिठाचं बघायचंय.”

“अहो, फोटो काढला होतात ना?”

“आहे हो फोटो. पण फोटोवरून मीठ घालायला भीती वाटते!”

तो बोर्ड आता स्वयंपाकघरात खिळ्याला असतो. गल्लीतल्या आणखी तिघींचं लोणचं त्याच्यावरच चालतं.

*

दुसऱ्या बोर्डाला माझी मीच नडले.

आमच्या कारखान्यात लेथवरून पितळेची कुरळी कुरळी कात निघते. उन्हात धरली तर दागिन्यासारखी दिसते. सोबत फुटके वॉशर, गॅस्केटचे तुकडे. सगळं भंगारात जाणारं. साहेबांना विचारून मूठभर डब्यात भरलं आणि स्कूटरच्या डिकीत टाकलं. गेटवर आमचे मानेमामा, सिक्युरिटीवाले, कडेगावकडचे. त्यांनी डिकी उघडायला लावली.

“म्याडम, भंगार असू द्या न्हाईतर सोनं असू द्या, गेटपास लागतो. तुमीच रूल काढलाय.”

मीच काढला होता, खरं आहे. परत आत गेले, स्वतःच्या हातानं गेटपास लिहिला, कारण या रकान्यात ‘चित्र’ असं लिहिलं आणि साहेबांची सही आणली. घरी जायची घाई होती, सासूबाईंच्या गोळीची वेळ झाली होती. त्या घाईत ‘परत येणारा माल’ या चौकोनात बरोबरची खूण झाली.

झालं! दर सोमवारी मानेमामा स्कूटर अडवणार. “म्याडम, झालं का चित्र? माल कवा परत करताय?”

“मामा, तो चिकटवलाय.”

“चिकटवा की. पर नोंद हाय. मला दाखवाय नको व्हय?”

शेवटी ऑडिट आलं. मी रविवारी दुपारी बसून बोर्डावरचा एकेक वॉशर पोपडे काढल्यासारखा काढला आणि सोमवारी डबा गेटवर दिला. मामांनी तो उघडला, बोटानं ढवळला आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“म्याडम, जाताना ह्याला डिंक नव्हता!”

*

आता जरा खरं बोलते. दमते हो मी. सकाळी साडेपाचला उठायचं, डबे करायचे, आठला स्कूटर काढायची. सहाला परत. मग भाकरी. ठेवलेली प्रत्येक वस्तू संध्याकाळपर्यंत दुसरीकडे गेलेली असते. चष्मा, पेन, किल्ली, माझी उशीसुद्धा. घर म्हटलं की असं होणारच, कुणाचा दोष नाही. पण मी ठेवलेली एखादी तरी गोष्ट मी ठेवली तिथंच राहावी, असं फार वाटतं. बोर्डावर एक तुकडा लावला, दाबला, वाळला, आता तो हलणार नाही, यात मला जे सुख मिळतं ते सांगून कुणाला कळत नाही. सासूबाईंना तर नाहीच.

मागे वाईहून त्यांची चुलतबहीण आली होती. तिनं विचारलं, “सून काय करते गं?”

सासूबाई कौतुकानंच म्हणाल्या, “रिकामी म्हणून बसत नाही बघ कधी! सहा दिवस नोकरी करते आणि रविवारी कचरा चिकटवते.”

*

वैशालीचा किस्सा तिच्याच तोंडून ऐकायला हवा, पण ती सांगत नाही. दुखरी जागा आहे.

तिनं एकदा विकतचा डिंक न वापरता मैद्याची खळ केली. पूर्वी घरोघरी पतंगाला करायचे तशी. दोन महिने खपून तिनं मोठं आकाश केलं, निळ्या कागदांच्या शंभर छटांचं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती माहेरी गेली आणि तेवढ्यात झुरळांनी ते आकाश एका बाजूनं कुरतडलं. नुसतं कुरतडलं नाही, अगदी लेस काढल्यासारखं केलं. बाई रडकुंडीला आल्या. पण प्रदर्शनाची तारीख आली होती, तसंच पाठवलं.

उद्घाटनाला एक मोठे चित्रकार आले होते. ते तिच्या चित्रासमोर थांबले. चष्मा काढला, परत लावला.

“बाकी सगळं ठीक आहे,” ते म्हणाले, “जरा शाळकरी आहे. पण हा कडेचा भाग! इथं हात मोकळा सुटलाय. इथं भीती नाही. हे कसं साधलं तुम्हाला?”

वैशाली खोटं बोलत नाही. शिक्षिका आहे.

“सर,” ती म्हणाली, “ते मी नाही केलं.”

“मग कुणी केलं?”

“झुरळांनी.”

सरांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “त्यांना सांगा, करत राहा!”

*

हौसाक्कांचा डिंकावर विश्वास नाही. “डिंकाचं काय सांगावं? आज हाय, उद्या न्हाई. टाका घाला. टाका लेकरं-नातवंडं बघतो.” त्यामुळे त्या येतात त्याच सुई-दोरा घेऊन.

तिसरा बोर्ड मी प्लायवर न करता जाड कापडावर केला, मुद्दाम, त्यांना टाके घालता यावेत म्हणून. पाटीलवहिनी आणि मानेमामा यांच्यापासून वाचलेलं ते एकमेव चित्र. शेवटच्या रविवारी हौसाक्का दुपारभर मान खाली घालून शिवत होत्या, बारीक बारीक, एकसारखे टाके, गोधडीला घालतात तसे. मला भरून आलं. संध्याकाळी मी म्हटलं, “चला, उचलू या.”

उचललं तर टेबलक्लॉथ सोबत वर आला. त्याच्यावरचा पाण्याचा तांब्या आडवा झाला आणि सगळं पाणी चित्रावर.

मी मटकन खुर्चीत बसले. हौसाक्कांनी कापड उलटं केलं, सुलटं केलं, टेबलक्लॉथ ओढून बघितला. टाका हलला नाही.

“वैनी,” त्या म्हणाल्या, “चित्राचं काय ते तुमी बघा. पर टाका लय भारी बसलाय!”

*

त्यामुळे या वर्षी मी शपथ घेतली. कुणी काही दिलं तर दारातच तीनदा विचारायचं, “परत मागणार नाही ना?” आणि चित्र एकदा पूर्ण झालं की त्याला कुणी हात लावायचा नाही. देव आला तरी नाही.

नदीकडच्या बाजूला सुमनकाकू राहतात. काका आणि काकू, दोघंच. चाळीस वर्षांचा संसार. गल्लीत त्यांच्या घरातून कधी चढा आवाज ऐकला नाही कुणी. महापुरात त्यांच्या खालच्या खोलीत आढ्यापर्यंत पाणी होतं. लग्नाचा अल्बम तीन दिवस पाण्यात राहिला. फोटो एकमेकांना चिकटले, चेहरे सगळे वाहून गेले आणि राहिले नुसते रंग. इतकी वर्षं तो फुगलेला अल्बम त्यांनी माळ्यावर ठेवला होता. यंदा तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या.

“टाकवत नाही गं,” त्या म्हणाल्या.

मी तीनदा विचारलं. त्यांनी तीनदा नाही म्हटलं.

आणि खरं सांगते, त्या अल्बमचं चित्र झालं! पुराच्या पाण्यानं केलेले पिवळे, जांभळे ओघळ, त्यात काकूंचा हिरवा शालू, काकांचा तपकिरी कोट, भोवती मांडवाचे लाल तुकडे. चार महिने लागले. काढलं नाही, फाटलं नाही, भिजलं नाही. मी आणि वैशालीनं ते चादरीत गुंडाळून एसटीनं साताऱ्याला नेलं. कंडक्टरनं मागच्या सीटवर जागा दिली. सकाळी हॉलमध्ये भिंतीवर टांगलं, तेव्हा मी समोर उभी राहून नुसती बघत राहिले. चार वर्षांत पहिल्यांदा सगळं मी ठेवलं तिथं होतं.

उद्घाटन अकराला. साडेदहाला दारात सुमनकाकू! त्यांची लेक साताऱ्याला असते, तिच्याकडे आल्या होत्या. काकाही आले होते. पण ते बाहेरच खुर्चीवर बसले. “मला काय कळतंय त्यातलं, तू ये बघून.”

काकू चित्रासमोर उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला. बराच वेळ बघत होत्या.

“यात मी कुठं गं?”

“हा हिरवा शालू. हे तुम्ही.”

“आणि हे?”

“हा कोट. हे काका.” दोघांच्या मध्ये जेमतेम चार बोटं अंतर होतं.

काकूंनी मान हलवली. पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे न बघताच हळूच विचारलं, “याला हलवता येईल का?”

वैशाली मागून माझा हात दाबत होती, नाही म्हण, नाही म्हण.

“काकू,” मी म्हटलं, “शेजारी घ्यायचंय का काकांना?”

“नको,” काकू म्हणाल्या. “जरा लांब.”

हॉलमध्ये कुणीतरी माईक तपासत होतं. मी पर्समधून कटर काढला. पातं कोटाखाली सरकवलं आणि हळूहळू फिरवलं. कोट अख्खा सुटला, कुठं फाटला नाही. त्याच्या जागी प्लायचा एक पांढुरका डाग राहिला.

“कुठं लावू, काकू?”

काकूंनी बोट बोर्डावर टेकवलं आणि हळूहळू उजवीकडे न्यायला लागल्या. मांडवाचे लाल तुकडे मागे पडले. पिवळे ओघळ मागे पडले. एसटीची तिकिटं, बटणं, सगळं मागे पडलं. बोर्डाची कड आली. बोट कड ओलांडून हॉलच्या भिंतीवर गेलं, आणखी हातभर पुढे सरकलं, आणि मग थांबलं.

“इथं,” काकू म्हणाल्या.

मी लावला.