खिडकीकडे तोंड करून

तात्यांना आमच्या गावकरी मंडळाने फसवलं. गावच्या वाचनालयाच्या शताब्दी स्मरणिकेसाठी त्यांच्याकडून चार पानं लिहून घेतली आणि तीनच छापली. मी जुन्या दारं-खिडक्यांचा व्यापारी आहे. माप कमी भरलं की मला लगेच कळतं.

तात्या जाऊन दीड महिना झाला. नेरूळच्या माझ्या वखारीत एका दरवाजावरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात त्यांच्या सुनेचा फोन आला... तो दरवाजा मी गिऱ्हाइकाने म्हटलं त्या भावाला देऊन टाकला. आयुष्यात पहिल्यांदाच.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. गावी वाचनालयाची जुनी इमारत पाडली, तेव्हा तिची सागवानी खिडकी मी उचलून आणली. ते कळताच, इथेच नेरूळला मुलाकडे राहणारे नव्वदीचे तात्या काठी टेकत वखारीत हजर. "किती लुटणार आहेस हिच्यावर?" मी तापलो. "घ्यायची नसेल तर हात लावू नका." त्यांनी हात काढला नाही. गजांवरून बोटं फिरवत म्हणाले, "माझे वडील हिच्यापाशी बसायचे रे." मी म्हटलं, "आणि माझा आजा हिच्या बाहेर उभा राहायचा." मग आम्ही दोघंही तिथल्याच एका फळीवर बसलो.

त्यानंतर ते दर रविवारी येत. रॉकेलचे दिवे लावत फिरणारा माणूस, टपालासाठी ओट्यावर ताटकळणारं गाव, शिमग्यातली नाटकं, सगळं सांगत आणि फिरून खिडकीशी येत. त्या काळी गावात वाचता येणारे थोडे. म्हणून त्यांचे वडील संध्याकाळी वाचनालयात वर्तमानपत्र मोठ्याने वाचत. आत सतरंजीवर सभासद. आमच्या महारवाड्यातल्या माणसांना पायरीही चढायची बंदी, ती खिडकीखाली उभी. वडील खिडकीकडे तोंड करून बसायचे. सभासद कुरकुरले, "मास्तर, आम्ही काय तुमची पाठ ऐकायची?" मास्तर म्हणाले, "पाठ तुमच्याकडे असली तरी आवाज दोन्हीकडे आहे." तो आवाज ऐकूनच माझ्या आज्याने माझ्या बापाला शाळेत घातलं.

एकदा मी म्हणालो, "तात्या, देवमाणूस होते तुमचे वडील." ते उसळले. "देव कसला! आत या म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून खिडकी. हेही लिहिणार आहे मी." आणि लिहिलं. तेच चौथं पान. मंडळाला देण्याआधी त्यांनी ते मला वाचून दाखवलं, दोनदा थांबून...

स्मरणिका आली. दिवे होते, नाटकं होती. खिडकी नव्हती. तात्यांनी पानं पुन्हा पुन्हा उलटली. "मलाच दिसत नसेल. तू बघ." मी बघितलं. खोटं बोलता आलं नाही. त्या रविवारनंतर ते वखारीत आलेच नाहीत. मी चिटणिसांना फोन केला, तर म्हणाले, "अहो, जागा नव्हती. आणि आनंदाच्या वेळी ते जुनं कशाला उकरायचं?" जागा नव्हती! कार्याध्यक्षांचे फोटो पाच आहेत.

खिडकी अजून वखारीच्या भिंतीला टेकून उभी आहे. तिला भाव नाही. चौथ्या पानाचा तात्यांच्या हातचा कच्चा खर्डा माझ्याकडे आहे. ते पान कुणी काढलं, त्याचं नाव मंडळाने सांगावं. आणि ज्याने काढलं त्याने इथे यावं, खिडकीच्या आतल्या बाजूला बसून ते मोठ्याने वाचावं.

मी बाहेर उभा राहीन.