पाण्याचा वाफा

माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. बाजारात वांगी घेतानासुद्धा मी देठ उलटून बघते. त्यामुळे येडगावच्या आमच्या रानात करपा आला आणि औषधांची चाचणी घ्यायला कृषी खात्याचे साहेब आले, तेव्हा पहिला संशय मी त्यांच्यावरच घेतला. फुकट कोण कशाला येईल?

टोमॅटो कमी करून आम्ही अर्ध्या रानात लॉन लावलं होतं. लॉन म्हणजे तरी काय, हरळीचीच सुधारलेली जात. धरणाकाठच्या एका रिसॉर्टला ते दिवाळीआधी द्यायचं ठरलं होतं. पात्यावर रोग दिसला तर एक तुकडाही उचलणार नाही, असं त्यांच्या माणसानं तोंडावर सांगितलं होतं. आणि नेमके कोपऱ्यात तपकिरी ठिपके उठले. बाकी लॉनवर अजून तुरळकच होते, पण पसरले असते तर वर्षाची मेहनत मातीत गेली असती. माझा जीव टांगणीला लागला होता.

सासऱ्यांच्या डोळ्यांत ते लॉन पहिल्या दिवसापासून सलत होतं. त्यांना घरात सगळेच आबा म्हणतात. "आमी जल्मभर हरळी खणून काढली, आन तुमी तिला खत घालताय. लोक हसत्यात, राव," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

साहेबांनी कोपऱ्यात तीन वाफे आखले. दोन वाफ्यांवर दोन वेगळी बुरशीनाशकं मारायची आणि तिसऱ्यावर नुसतं पाणी. "पाण्याचा वाफा राखला नाही, तर फरक औषधानं पडला की हवेनं, हे कळणार कसं?" ते म्हणाले.

आबा बांधावर उभे होते. "म्हंजी याला काईच द्यायचं न्हाई?"

"काहीच नाही."

आबा न बोलता निघून गेले. मला तेच खटकलं. आबा काही गप्प बसणाऱ्यांतले नाहीत.

साहेब पुन्हा बघायला आले, तर पाण्याचा वाफाही बाकीच्या दोघांसारखा सुधारलेला. साहेब खूश झाले. म्हणाले, "पाऊस थांबलाय, रोग आपोआप ओसरतोय. बाकी लॉनवर औषध मारायची गरज दिसत नाही. दोन दिवसांनी नक्की सांगतो." माझा नवरा भोळा सांब, त्यानं लगेच मान डोलावली. मी मात्र त्या वाफ्यात फतकल मारून बसले. पात्यांवर पिवळसर थर होता, बोटाला लागत होता. साहेब म्हणाले, धूळ असेल. धूळ म्हणे. रानात केस पांढरे झाले माझे, मला धूळ कळत नाही होय?

नुसत्या पाण्यानं थर कुठून येणार? मला वाटलं, साहेबांनीच बाटल्यांची अदलाबदल केली असेल. मग वाटलं, शेजारच्याचंही लॉन आहे, तो काही करत असेल. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी शेडमध्ये गेले, तर पाठीवरचा पंप जागेवर नाही आणि तणनाशकाच्या कॅनचं झाकण उघडं. बाहेर बघते तर आबा पंप घेऊन लॉनकडे निघालेले. पायाखालची जमीनच सरकली माझ्या. म्हाताऱ्यानं सूड उगवला, असंच मनात आलं.

धावत जाऊन मी त्यांच्या हातातली नळी धरली. "काय मारताय, आबा?"

"टमाट्याच्या करप्याचं औषध हाय. उरलं व्हतं थोडं."

"खोटं बोलू नका. तणनाशक आहे."

आबांनी पंप खाली ठेवला, झाकण काढलं. "हुंगून बघ."

मी हुंगलं. टोमॅटोचंच औषध होतं; पात्यांवरचा पिवळसर थर त्याचाच. तणनाशक नवऱ्यानं आदल्या दिवशी बांधावर मारलं होतं आणि झाकण लावायचं विसरला होता, हे मागाहून कळलं.

"मग इथं कशाला मारताय?"

"पंगतीत दोघांना वाढायचं आन तिसऱ्याला पाण्यावर बसवायचं? माझ्यानं न्हाई बघवत. हरळी असली म्हणून काय झालं?"

साहेबांना कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. चाचणी नव्यानं मांडायची ठरली. आबा म्हणाले, "मंग मी ओतूरला लेकीकडं जातो. हितं ऱ्हायलो तर हात ऱ्हायचा न्हाई." आणि गेलेही.

या खेपेला पाण्याचा वाफा करपून तांबडा पडला. दुसऱ्या औषधाच्या वाफ्यात ठिपके राहिले, पहिल्याचा स्वच्छ झाला. तेच औषध आम्ही सगळ्या लॉनवर मारलं. रिसॉर्टच्या माणसानं गुडघ्यावर बसून पाती तपासली आणि माल उचलला. शेवटची ट्रॉली रस्त्याला लागल्यावर मला घास गोड लागला.

आबा परतले ते थेट त्या करपलेल्या वाफ्यावर गेले. बांधावरची हरळी खुरप्यानं उकरून तिथं लावत बसले. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलतात, चहा मागतात. पण तेव्हापासून कुठलीही फवारणी असली की पंप भरून आधी माझ्यासमोर आणून ठेवतात आणि झाकण काढतात.

"हुंगून बघ."

"राहू द्या हो आबा," मी म्हणते. ते हसत नाहीत, रागावतही नाहीत. मी वाकून हुंगेपर्यंत पंप पाठीवर घेत नाहीत.